पावलातलं हाड मोडलं : बूट, प्लास्टर की स्क्रू?

प्रश्न असा आहे : चालताना पाऊल आत वळून मुरगळलं, बाहेरच्या कडेला सूज आली आणि एक्स-रेत पाचव्या मेटाटार्सलच्या, म्हणजे करंगळीमागच्या लांब हाडाच्या, बुडाशी फ्रॅक्चर निघालं. एका डॉक्टरांनी कडक तळाचा बूट घालून चालायला सांगितलं, दुसऱ्यांनी ६ आठवडे पाय टेकवायचा नाही असं सांगून प्लास्टर सुचवलं, तिसऱ्यांनी स्क्रू. ऐकायचं कोणाचं?

तिन्ही उपचार योग्य आहेत, पण ते तीन वेगवेगळ्या दुखापतींचे. करंगळीच्या मागच्या या एकाच हाडावर फ्रॅक्चरची रेघ सेंटिमीटरभर पुढेमागे गेली की उपचार पार बदलतो. पावलात २६ हाडं असतात : मागे टाच आणि घोट्याकडची ७, मधली लांब ५ आणि बोटांची १४. म्हणून 'पायाचं हाड मोडलंय' एवढ्यावर कोणताही सल्ला देता येत नाही. रेघ हाडाच्या नेमक्या कोणत्या भागात आहे, तुकडे किती सरकलेत, रेघ सांध्यात शिरलीय का आणि वरची त्वचा कशी आहे, हे चार प्रश्न आधी सोडवावे लागतात. पाचवा प्रश्न माणसाचा : मधुमेह, तंबाखू, वय आणि कामाचं स्वरूप.

आधी पाचव्या मेटाटार्सलचंच बघू, कारण गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्याच्या आसपास बोट फिरवलं तर एक उंचवटा लागतो. तो या हाडाचा मागचा टोकाचा भाग. पाऊल आत वळतं तेव्हा इथे चिकटलेला स्नायूबंध आणि तळव्याच्या पट्ट्याचा बाहेरचा भाग जोरात ओढला जातो आणि टोकाचा तुकडा निघतो. इथे रक्तपुरवठा चांगला असतो. कडक तळाचा बूट किंवा वॉकर बूट घालून, सोसेल तेवढं वजन पहिल्या दिवसापासून टाकायचं, ४ ते ६ आठवडे. प्लास्टर घातल्याने हाड लवकर जुळत नाही, पोटरी मात्र बारीक होते. एक्स-रेवरची रेघ कित्येक महिने दिसू शकते. दुखणं गेलं असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करावं. तुकडा मोठा असून सांध्यात पायरी पडली असेल तरच ऑपरेशनचा विचार होतो.

त्याच्या थोडं पुढे, टोकापासून साधारण दीड ते ३ सेंटिमीटरवर, चौथं आणि पाचवं मेटाटार्सल एकमेकांना टेकतात. त्या सांध्याच्या दिशेने आडवी रेघ गेली असेल तर ते जोन्स फ्रॅक्चर. रॉबर्ट जोन्स या शल्यचिकित्सकांनी १९०२ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही नाचताना स्वतःच्याच पायाला झालेल्या दुखापतीवरून. हाडाला रक्त देणाऱ्या वाहिन्या एकीकडून बुडाशी येतात आणि दुसरीकडून दांड्याच्या मध्यातून मागे येतात. हा पट्टा नेमका दोन्हींच्या हद्दीवर पडतो, त्यामुळे इथे रक्त कमी पोचतं. शिवाय प्रत्येक पावलागणिक इथे वाकवणारा जोर येतो. म्हणून गुडघ्याखालचं प्लास्टर आणि ६ ते ८ आठवडे अजिबात वजन नाही, हा नेहमीचा उपचार. इतकं करूनही काही जणांचं हाड जुळत नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. खेळाडूंना, किंवा ज्यांना इतका काळ थांबणं शक्य नाही त्यांना, हाडाच्या पोकळीतून स्क्रू घालणं हा चांगला पर्याय आहे.

स्क्रू घालण्यातही बारकावे आहेत. तो सहसा ४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड लागतो. त्याचे सगळे आटे रेघेच्या पलीकडे जायला हवेत, नाहीतर तुकडे एकमेकांवर दाबले जात नाहीत. हे हाड किंचित बाकदार असतं. गरजेपेक्षा लांब स्क्रू त्याला सरळ करू बघतो आणि बाहेरच्या बाजूला फट उघडते. बारीक स्क्रू वाकतो किंवा तुटतो. सुमारे २ आठवडे पाय उचलून, मग बूट घालून हळूहळू वजन, आणि एक्स-रेत हाड भरलेलं दिसल्यावरच धावणं, असा क्रम असतो. दुखत नाही म्हणून आधीच मैदानात उतरणाऱ्यांचं हाड त्याच जागी पुन्हा मोडतं.

रेघ आणखी पुढे दांड्यात असेल आणि आधी काही आठवडे तिथे दुखत असेल, तर तो बहुतेक ताणाने पडलेला तडा असतो. अशा वेळी टाच आत झुकलेली आहे का, कमान फार उंच आहे का, हे बघावंच लागतं. ते कारण तसंच ठेवून नुसता स्क्रू घातला तर तडा परत येतो.

९ ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये या उंचवट्यावर वाढीची रेघ दिसते. ती हाडाच्या लांबीच्या दिशेने, उभी असते; फ्रॅक्चर आडवं असतं. हा फरक माहीत नसल्यामुळे कितीतरी मुलांना विनाकारण प्लास्टर चढतं.

आता दुखापत झाल्यावर लगेच काय करायचं ते. बूट-मोजे काढा, बोटात काही घातलं असेल तर तेही, कारण सूज चढल्यावर ते कापावं लागतं. पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवा. नुसता स्टुलावर ठेवून उपयोग नाही. आडवं पडून खाली दोन-तीन उशा घ्याव्या लागतात. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. मालिश, शेक आणि 'ओढून बसवणं' पूर्णपणे टाळा. सरकलेला तुकडा त्याने आणखी सरकतो आणि सूज वाढते.

एक्स-रे हवाच का, हे ठरवायला ओटावा नियम उपयोगी पडतात. पावलाच्या मधल्या भागात दुखतंय आणि पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाशी किंवा आतल्या कडेच्या नेव्हिक्युलर हाडावर दाबल्यावर कळ येते, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत, तर एक्स-रे काढायचा. लहान मुलं, पायाची संवेदना गेलेले मधुमेही आणि नशेतली व्यक्ती यांच्या बाबतीत या नियमांवर विसंबू नये. 'चालता येतंय म्हणजे मोडलेलं नाही' हा समज चुकीचा आहे; मोडलेल्या हाडावर दोन-दोन आठवडे चालणारी माणसं असतात.

काही गोष्टींना सकाळपर्यंतही थांबायचं नाही : फ्रॅक्चरवर जखम, बोटं पांढरी-निळी किंवा थंड पडणं, पाऊल उघडउघड वाकडं दिसणं, तुकड्याच्या टोकामुळे त्वचा ताणून पांढरी पडणं, आणि औषध घेऊनही वाढतच जाणारी कळ, विशेषतः कोणीतरी बोटं हलक्या हाताने वर केली तरी असह्य होणारी. या शेवटच्या लक्षणात पावलाच्या बंद कप्प्यांमध्ये दाब वाढत असतो आणि स्नायू काही तासांत मरू शकतात. उघड्या फ्रॅक्चरला अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि ऑपरेशन थिएटरमध्ये जखमेची स्वच्छता लागते. वरवर टाके घालून घरी पाठवणं धोक्याचं.

बोटांची फ्रॅक्चर सर्वांत जास्त आढळतात आणि सर्वांत सोपी असतात. बोट सरळ करून शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधायचं, मध्ये गॉजचा तुकडा ठेवून, नाहीतर घामाने कातडी सोलते. पट्टी दोन-तीन दिवसांनी बदलायची, ३ ते ४ आठवडे, वर रुंद आणि कडक तळाची चप्पल किंवा बूट. अंगठ्याला हा नियम लागू नाही. पाऊल पुढे ढकलताना त्याच्यावर मोठा भार येतो, म्हणून सांध्यात शिरलेलं किंवा सरकलेलं फ्रॅक्चर तारेने वा छोट्या स्क्रूने बसवावं लागतं. मुलाच्या अंगठ्याला ठेच लागून नखाच्या मुळाशी रक्त येत असेल तर एक्स-रे नक्की काढा. नखाखालची वाढीची जागा मोडलेली असेल तर ते उघडं फ्रॅक्चर असतं आणि दुर्लक्ष झालं तर हाडात पू होतो.

मधल्या तीन मेटाटार्सलपैकी एकच मोडलं असेल तर शेजारची हाडं त्याला आधार देतात. ४ ते ६ आठवडे बूट पुरतो. तुकडे ३-४ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेत किंवा १० अंशांहून जास्त वर-खाली वाकलेत, तर बसवायचे. डावी-उजवीकडचं सरकणं बऱ्यापैकी चालतं, वर-खालीचं चालत नाही. टोक खाली झुकलेलं राहिलं तर चवड्याखाली घट्टा पडून प्रत्येक पावलाला टोचतं. वर उचललेलं राहिलं तर त्याचा भार शेजारच्या हाडावर जातो. पहिलं मेटाटार्सल चवड्याचा सुमारे एक तृतीयांश भार पेलतं, त्यामुळे तिथे ऑपरेशनचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

पावलाच्या मध्यभागी एक दुखापत अशी आहे जी साधी मुरगळ म्हणून सोडून दिली जाते आणि नंतर आयुष्यभर छळते : लिसफ्रांक सांध्याची. दुसऱ्या मेटाटार्सलचं बूड मागच्या हाडांमध्ये खोलवर रुतलेलं असतं, कमानीतल्या मधल्या दगडासारखं. त्याला आतल्या क्युनिफॉर्म हाडाशी बांधणारा एक जाड बंध तुटला की सगळी कमान हळूहळू खचते. पायऱ्या उतरताना पाय घसरून चवडा दुमडला, पावलाच्या वरच्या बाजूला मध्यावर सूज आहे, आणि दुसऱ्या दिवशी तळव्यावर, बरोबर मध्ये, काळानिळा डाग उमटला, तर ही दुखापत आहे असं धरूनच पुढे जायचं.

झोपून काढलेला एक्स-रे इथे फसवतो. दोन्ही पायांवर उभं राहून, दोन्ही पावलांचा एकत्र एक्स-रे काढावा लागतो. पहिल्या दिवशी उभं राहवत नसेल तर बूट घालून, वजन न टाकता, ७ ते १० दिवसांनी परत काढायचा. पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलमधली फट दुसऱ्या पायापेक्षा २ मिलिमीटरने जास्त असेल तर सांधा अस्थिर आहे. शंका असेल तर सीटी, आणि फक्त बंधाचा प्रश्न असेल तर एमआरआय. स्थिर दुखापतीला ६ आठवडे वजनाविना बूट किंवा प्लास्टर. अस्थिर दुखापतीला प्लास्टरचा भरवसा नाही; सूज उतरली की आतली हाडं पुन्हा सरकतात. स्क्रूने किंवा सांध्यावरून जाणाऱ्या धातूच्या पट्टीने (प्लेटने) हाडं जागेवर आणायची, किंवा बंधच पूर्ण फाटले असतील तर ते सांधे कायमचे जोडून टाकायचे. सांधा जोडायचा म्हटलं की माणसं घाबरतात. पण या आतल्या सांध्यांची हालचाल मुळातच जेमतेम असते, त्यामुळे चालण्यात फार फरक पडत नाही, आणि दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता कमी होते.

टाचेचं हाड बहुधा उंचावरून पडून मोडतं. अशा माणसाचा मणका आणि दुसरी टाचही तपासलीच पाहिजे. टाचेच्या कळेपुढे कंबरेचं फ्रॅक्चर लक्षातच येत नाही. बाजूच्या एक्स-रेत बोहलर कोन मोजतात, तो साधारण २० ते ४० अंश असतो. टाच चेपली की तो कमी होतो, कधी शून्याखालीही जातो. सांधा किती फुटलाय हे सीटीशिवाय कळत नाही.

ऑपरेशन करावं का, यावर मतभेद आहेत आणि ते रुग्णाला स्पष्ट सांगायला हवेत. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या १५१ रुग्णांच्या अभ्यासात, सांध्यात शिरलेल्या आणि सरकलेल्या बंद फ्रॅक्चरमध्ये, ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांचं दुखणं आणि चालणं दोन वर्षांनी जवळपास सारखंच निघालं. ऑपरेशनच्या गटात जखमेचे त्रास मात्र जास्त होते. टाच अगदीच वेडीवाकडी झालेले रुग्ण त्या अभ्यासात घेतले नव्हते. म्हणून टाच फार रुंद किंवा तिरकी झाली असेल, माणूस तरुण असेल आणि तंबाखू घेत नसेल, तर ऑपरेशनचा फायदा मिळण्याची शक्यता चांगली. मधुमेह ताब्यात नाही, धूम्रपान चालू आहे, पायाचा रक्तपुरवठा कमी आहे, तर जखम न भरण्याची भीती फायद्यापेक्षा मोठी.

ऑपरेशन ठरलं तरी घाई करायची नसते. सूज उतरून त्वचेवर सुरकुत्या दिसेपर्यंत, म्हणजे बहुतेकदा १० ते १४ दिवस, थांबतात. फुगलेल्या त्वचेवर छेद घेतला की जखमेच्या कडा काळ्या पडतात, आत जंतू शिरतात आणि प्लेट उघडी पडते. आता शक्य असेल तिथे घोट्याखाली छोट्या छेदातून काम करतात, त्यात हा धोका कमी. एक प्रकार मात्र तातडीचा आहे : टाचेचा मागचा तुकडा पोटरीकडून टाचेला येणाऱ्या जाड स्नायूबंधाने वर ओढला जातो आणि आतून कातडी दाबतो. तिथे काही तासांचा उशीरही कातडी मारतो. ऑपरेशन करा वा न करा, ६ ते १२ आठवडे टाच टेकवायची नाही, पण घोटा आणि बोटं लवकर हलवायला लागायचं. खडबडीत जमिनीवर चालताना त्रास बराच काळ राहू शकतो. सांधा पुढे झिजला तर तो जोडण्याचं ऑपरेशन हा शेवटचा पर्याय उरतो.

टाचेवरच्या टॅलस हाडाची अडचण वेगळी. त्याचा बहुतेक पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला, त्यामुळे रक्तवाहिन्या आत शिरायला जागा थोडीच. या हाडाची मान, म्हणजे मधला अरुंद भाग, मोडून सरकली की रक्त तुटतं आणि हाडाचा वरचा भाग मरू शकतो. निखळलेला सांधा तातडीने जागेवर बसवावा लागतो; पक्के स्क्रू नंतर सूज बघून घातले तरी चालतात. ६ ते ८ आठवड्यांच्या एक्स-रेत टॅलसच्या घुमटाखाली एक बारीक काळसर पट्टी दिसली तर ती आनंदाची बातमी : तिथलं हाड विरळ होतंय, म्हणजे रक्त पोचतंय. हॉकिन्स चिन्ह ते हेच.

धावणाऱ्यांना, आणि अचानक सराव वाढवणाऱ्यांना, पडल्याशिवायही तडा जातो. सुरुवातीचे २-३ आठवडे एक्स-रे स्वच्छ असू शकतो. तेव्हा एमआरआय लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या मेटाटार्सलचा तडा ४ ते ६ आठवड्यांच्या विश्रांतीने आणि बुटाने बरा होतो. नेव्हिक्युलरचा तडा तसा होत नाही. त्याला ६ ते ८ आठवडे प्लास्टर आणि शून्य वजन, नाहीतर स्क्रू. घोट्याच्या पुढे, पावलाच्या वर, बोटाने दाबून दुखणारा नाण्याएवढा भाग सापडला तर सराव त्याच दिवशी बंद. ड जीवनसत्त्व तपासावं, आणि मुली-स्त्रियांमध्ये पाळी अनियमित झालीय का व खाणं पुरेसं आहे का हेही विचारावं.

मधुमेह असलेल्यांसाठी एक इशारा. पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं आहे, पण दुखत फारसं नाही, आणि जखम कुठेच नाही, तर तो नुसता जंतुसंसर्ग समजून गोळ्या खात बसू नका. हा शारको पाय असू शकतो : संवेदना गेल्यामुळे हाडं मोडत जातात आणि माणूस त्यावर चालत राहतो. त्याला तळव्याला घट्ट बसणारं खास प्लास्टर लागतं, ते सूज उतरेल तसं वरचेवर बदलायचं, आणि दोन्ही पायांच्या तापमानातला फरक २ अंश सेल्सिअसच्या आत येऊन टिकेपर्यंत, बहुधा कित्येक महिने. साधं फ्रॅक्चरसुद्धा अशा पायात जवळजवळ दुप्पट वेळ घेतं.

प्लास्टर घातल्यावर पहिले २-३ दिवस पाय वरच. साधं प्लास्टर पूर्ण वाळायला ४८ तास लागतात, तोवर ते कडक जागेवर टेकवू नका. फायबरचं तासाभरात तयार होतं. बोटं बधिर झाली, निळी पडली किंवा आतून एका जागी जळजळू लागलं, तर रात्र असली तरी जाऊन प्लास्टर चिरून घ्या. खाज आली म्हणून पट्टी किंवा सुई आत घालू नका, आत झालेली जखम बाहेरून दिसत नाही.

कुबडीचा वरचा भाग काखेपासून दोन-तीन बोटं खाली हवा आणि भार तळहातावर हवा. काखेवर रेललं तर नस दबून हात लुळा पडतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. वॉकर बुटाचा तळ जाड असतो; दुसऱ्या पायातही तेवढ्याच उंचीचा जोडा घाला, म्हणजे कंबर आणि गुडघा दुखणार नाही. उजवा पाय प्लास्टरमध्ये किंवा बुटात असताना गाडी चालवू नका.

दुखण्यासाठी प्रौढांनी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दर ६ तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या आत. यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या काही दिवसच, आणि मूत्रपिंडाचा आजार किंवा अल्सर असेल तर नकोच. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, कर्करोग असेल किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील, तर प्लास्टर घालतानाच ते सांगा, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध द्यायचं का ते ठरवता येईल. पोटरीत दुखरी सूज आली, किंवा दम लागून छातीत दुखू लागलं, तर थेट आपत्कालीन विभागात. तंबाखू, ओढायची असो वा चघळायची, हाड जुळणं लांबवते.

प्लास्टर निघाल्यावर पाय बारीक, खरखरीत आणि ताठ दिसतो, घाबरू नका. हवेत पावलाने अक्षरं काढणं, जमिनीवरचा टॉवेल बोटांनी गोळा करणं, पोटरी ताणणं, मग दोन पायांवर आणि शेवटी एका पायावर चवड्याने उभं राहणं. एका पायावर टाच न दुखता पुन्हा पुन्हा उचलता येईपर्यंत धावायचं नाही. संध्याकाळी सूज येणं ६ महिने ते वर्षभर चालतं. पण नुसता कपडा लागला तरी आग होते, रंग बदलतो, घाम येतो, असं असेल तर ते साधं दुखणं नाही; ते लवकर सांगितलं तर फिजिओथेरपी आणि औषधांनी आटोक्यात येतं.

बाहेर टोक ठेवलेल्या तारा ४ ते ६ आठवड्यांनी ओपीडीतच काढतात, भूल लागत नाही. आतले स्क्रू आणि प्लेट बुटाला घासत नसतील तर राहू द्यावेत. लिसफ्रांक सांध्यातून आरपार गेलेले स्क्रू काही सर्जन ३ ते ६ महिन्यांनी काढतात, कारण हालचाल सुरू झाली की ते आत तुटू शकतात. काढल्यावर हाडात स्क्रूची छिद्रं राहतात, ती भरेपर्यंत काही आठवडे चालायला हरकत नाही, पण उड्या आणि धावणं बंद.